घासलेलं पातं

रुग्णालयातून बायको गेल्याचा फोन त्याला घरी आला, तेव्हा अश्मयुगातल्यासारखी दगडाची पाती हौसेनं घडवणाऱ्यांच्या मंडळाचे अध्यक्ष तब्येत विचारायला येऊन तिच्या कामाच्या टेबलापाशी बसले होते. ती दगड आधी चाकावर घासून गुळगुळीत करायची, मग तांब्याच्या टोच्यानं दाबून एकसारख्या कपच्या काढायची. आधी घासून घेण्याच्या या सोप्या वाटेला अध्यक्ष कायम लबाडी म्हणत. "फार वाईट झालं," म्हणाले, आणि त्याच दमात, "वहिनींच्या पात्याची एक बाजू राहिलीय. मी पुरी करतो, मंडळाच्या नावानं प्रदर्शनात ठेवू." त्यांनी टोचा उचललासुद्धा. दाबण्याआधी धार जराशी बोथट करतात, नाहीतर ती फुटते, हे नुसतं बघणाऱ्या नवऱ्यालाही ठाऊक होतं. तो बोलेपर्यंत टोचा घसरला, धार फुटली, अध्यक्षांचं बोट कापलं. "दगडच कच्चा हो!" ते म्हणाले. "लबाडीसुद्धा शिकावी लागते, साहेब," पातं काढून घेत त्यानं दार दाखवलं. अध्यक्ष बोट चोखत निघाले. आई गेल्याचं मुलीला कळवायचं अजून राहिलं होतं.