तिच्या खोलीतला नवा दिवा

डॉक्टरांनी बायकोला घरी न्यायला सांगितलं, तेव्हाच आता काही आशा उरली नाही हे वायरमनला कळलं होतं. तिला मात्र वाटत होतं, आपण बऱ्या झालो.

"आधी तो मेला दिवा बदला," पलंगावर टेकून बसत ती म्हणाली. "लोकांची घरं उजळता, आणि माझ्या या बिनखिडकीच्या खोलीत भरदुपारी अंधार!"

त्याने मेन स्विच बंद केला, टॉर्चच्या उजेडात जुना दिवा उतरवला, नव्याच्या वायरी जोडून वर टेप गुंडाळली. मग मेन चालू करून बटण दाबलं.

ती पलंगावर बसलेली होती. भिंतीवर तिची सावली उभी होती.

काय करावं ते न सुचून त्याने बटण बंद केलं, पुन्हा दाबलं. सावली एक पाऊल दाराकडे सरकली होती. तिसऱ्यांदा दाबलं, तर दार जेमतेम हातभर उरलं.

त्याने झटकन बटणावरचा हात काढला.

"छान पडलाय हो उजेड," ती हसली.

"हा दिवा आता बंद करायचा नाही. कधीच."

"अहो, वेड लागलंय का?"

तो तिच्याजवळ बसला आणि तिचा हात घट्ट धरला. तेवढ्यात वीज गेली.

अंधारात कुणीतरी दाराची कडी काढली.