फवारणी बंद

यमुनेच्या घाटावर तासभर झाला, तरी बाबांच्या पिंडाला कावळा शिवेना. आईला सांभाळीन, असं मी तीनदा सांगून पाहिलं.

"त्यांचा जीव माझ्यात कुठला? मधमाश्यांत अडकलाय," आई म्हणाली.

खरं होतं. नोएडापलीकडे माझ्या भावाच्या, प्रसन्नच्या, नावावर घेतलेल्या जमिनीच्या तुकड्यावर बाबा स्ट्रॉबेरी लावत. मधमाश्यांच्या पेटीच्या दारात ते जैविक औषधाची पूड पसरत. माश्या ती पायांना लावून फुलाफुलावर नेत आणि फळ सडत नसे. फवारणीशी बाबांचं हाडवैर, आणि प्रसन्न फवारणीची औषधं विकणाऱ्या कंपनीत मॅनेजर. चार वर्षं दोघांत धड बोलणं नव्हतं.

शेवटी प्रसन्न पुढे झाला. त्याने हात जोडले. "बाबा, तुमच्या स्ट्रॉबेरीवर फवारणीचा एक थेंबही पडणार नाही. शब्द देतो."

कावळा लगेच उतरला. आईला रडू फुटलं. गुरुजींनी घड्याळ पाहिलं.

गाडीत मी प्रसन्नला विचारलं, "शब्द पाळशील ना रे?"



"बिल्कुल, ताई. जमीन बिल्डरला दिलीय, सोमवारी तो पाया खणतोय. फवारायला स्ट्रॉबेरी उरतेच कुठे?"