कमरेचा आकडा

आमचे हे शिंपी. गिऱ्हाइकाच्या कमरेला टेप लावला, की मोठ्याने आकडा दोन इंच कमीच सांगतात. गिऱ्हाईक खूश होऊन पोट आत ओढायचंही विसरतं. पडद्याआड मी दोन इंच मिळवून कापड कापते. मापात पाप म्हणा, पण वीस वर्षांत एकही पँट परत आली नाही. परवा लेकीच्या लग्नासाठी ह्यांनी आरशासमोर स्वतःचंच माप घेतलं, "चौतीस!" मी सवयीने छत्तीस कापली. शिवताना हे भडकले, "मी काय गिऱ्हाईक आहे? मिळवलेस कशाला?" "घालून तर बघा." पँट चढली, हुक काही लागेना. बराच वेळ आरशात बघून हे म्हणाले, "कापड आटलं वाटतं." मी ह्यांच्या कमरेला टेप लावला आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "चौतीसच!" हे खूश होऊन पोट आत ओढायचंही विसरले. मी पडद्याआड जाऊन अडतीस कापली.