तीनशेपासून शहाण्णवशेपर्यंत

“तीनशेपासून सुरू करा, बाई,” फोनवरचा आवाज म्हणाला.

“शहाण्णवशेच असणार हो. दर वेळी तोच वेग निघतो.”

“पायरी चुकवायची नाही. चुकवली की पाय मोडतो.”

तिने कमांड टाकली आणि खुर्चीत मागे टेकून बसली. पडद्यावर आकड्यांच्या जागी चौकोन, प्रश्नचिन्हं आणि कसल्याशा वेड्यावाकड्या खुणा उमटत होत्या. तलावातलं मीटर दर मिनिटाला पाण्याची पातळी केबलवरून पाठवायचं आणि ती नीट येते की नाही हे बघायला काठावरच्या या खोलीत ती एकटी बसायची. मीटरचा बोलण्याचा वेग ठरलेला. खोलीतल्या मशीनने त्याच वेगाने ऐकलं तर आकडे दिसायचे, नाहीतर हा कचरा. म्हणून मशीनचा वेग बदलायचा, पुढच्या मिनिटाची वाट बघायची, पुन्हा कचरा आला की त्याच्या वरचा वेग.

वाट बघायची म्हणजे गप्पा मारायच्या.

“जेवलात?” तिने विचारलं.

“डबा उघडलाय. पण या टेबलाशी जेवायचं म्हणजे फायलींना वाढल्यासारखं वाटतं. काय दिसतंय?”

“कचरा.”

“छान. सहाशे करा.”

सुरुवातीला ती त्याला साहेब म्हणायची. “साहेब वरच्या मजल्यावर बसतात,” तो म्हणाला होता, “मी नुसता दुरुस्तीवाला.” मग ती नुसतं ‘अहो’ म्हणायला लागली, आणि पहिल्यांदा म्हटल्यावर स्वतःच चपापली.

“तुम्हाला तिथून ऑफिसातूनच नाही का हे करता येत?” असंही तिने एकदा विचारलं होतं.

“इथून मला मशीन चालू की बंद, एवढंच कळतं. हात तुमचेच लागतात, बाई.”

ते ऐकून तिला बरं वाटलं होतं. कारण खरं सांगायचं तर मशीन आपणहून एकदाच बिघडलं होतं. वीज गेली, मशीन बंद पडून पुन्हा सुरू झालं आणि आपला वेग विसरलं. त्या दिवशी हा माणूस तिच्याशी इतका वेळ आणि इतक्या शांतपणे बोलला, की संध्याकाळी कुलूप लावताना ती गुणगुणत होती. त्यानंतर वेग तीच बदलायची. आधी महिन्यातून एकदा, मग एकटेपण अगदीच खायला उठलं की. परवा तर वेग बिघडवायला बसली, तर पडद्यावर आधीच कचरा. आपण कधी बदलला ते काही आठवेना. वय झालं, दुसरं काय!

लाज वाटायचीच. पण तिच्याशी बोलणारं दुसरं होतं कोण? मुलगी रविवारी फोन करायची, ‘गोळी घेतलीस का’ विचारायची आणि उत्तराआधीच ‘ठेवते गं’ म्हणायची.

“अठ्ठेचाळीसशे,” तो म्हणाला. आणि जरा थांबून, “साहेबांनी बोलावलं होतं सकाळी.”

“का हो?”

“तलावाच्या मशीनची तक्रार फार येते म्हणाले. आणखी एक आली की माझी रवानगी खालच्या गोदामात.”

“तिथे फोन आहे?”

“छे. उंदीर आहेत. तेवढीच सोबत.” तो हसला. तिला हसू आलं नाही.

शहाण्णवशेवर आकडे आले. तिने ते सांगितलं, त्याने ‘बरं तर’ म्हटलं आणि नेहमीप्रमाणे दोघांनीही फोन ठेवायला उशीर लावला.

आपल्या चार शब्दांच्या हौसेपायी आपण एका भल्या माणसाच्या पोटावर पाय देतोय. त्याच दिवशी तिने ठरवलं, आता वेगाला हात लावायचा नाही.

आणि लावलाही नाही. आकडे शहाण्यासारखे एकाखाली एक येत राहिले. त्या स्वच्छ आकड्यांचा तिला वीट आला. कधी ती ते मोठ्याने वाचायची, खोलीत कुणाचातरी आवाज हवा म्हणून. कधी रिसीव्हर उचलायची, त्यातली घरघर ऐकायची आणि परत ठेवायची. एका दुपारी डबा उघडून ती तशीच बसून राहिली. तिकडेही डबा उघडला असेल, असं मनात आलं आणि घास गिळवेना.

त्याच दुपारी तिच्या डोळ्यांदेखत पडद्यावर कचरा आला.

कीबोर्डला तिने बोटही लावलं नव्हतं. वीजही गेली नव्हती. तिने मशीनला वेग विचारला. तीनशे.

फोनकडे गेलेला हात तिने मागे घेतला. तक्रार गेली की तो गोदामात. पायऱ्या चुकवून तिने थेट शहाण्णवशे टाकले. मिनिटाने आकडे आले. झाकली मूठ सव्वा लाखाची. तिने घाम पुसला.

पुढच्या मिनिटाला कचरा. वेग पुन्हा तीनशे.

तिने केबल काढून घट्ट बसवली आणि पुन्हा शहाण्णवशे टाकले. आकडे आले. लगेच पुन्हा कचरा.

“अरे, का त्याच्या मुळावर उठलायस?” ती मशीनवर ओरडली. तिला रडूच यायला लागलं. पडद्याकडे बघत तिने चौथ्यांदा शहाण्णवशे टाकले.

तेवढ्यात फोन वाजला. इतक्या वर्षांत तिकडून पहिल्यांदाच.

“किती वेळा नीट करणार, बाई?” तो म्हणाला. “आता हात लावू नका. तीनशेपासून सुरू करू.”