भर उन्हातला हेडलाईट

धुळाप्पांच्या जुन्या फटफटीचा हेडलाईट गेला, तेव्हा लेकानं, सिद्धरामनं, बजावलं, "आप्पा, आज सांजच्याला दिवा लागला तर ठीक, न्हायतर गाडी भंगारात." याच फटफटीवर बसवून धुळाप्पांनी कुंभारीहून नवरी आणली होती. ती भंगारात कशी जाऊ द्यायची? भर दुपारी त्यांनी शुक्रवार पेठेतल्या घरासमोर बैठक मारली, स्क्रू खोलले, काच उतरवली आणि नवा बल्ब बसवला. पण सोलापूरचं ऊन असलं, की बल्ब लागलाय का नाही तेच कळेना.

"अवं, भर उन्हात दिवा बघताय व्हय? अंधार करा की जरा!" म्हणत म्हाळसाबाईंनी काळी घोंगडी आणून हँडलवर टाकली आणि नवऱ्याबरोबर आपलंही डोकं आत घातलं.

धुळाप्पांनी बटण दाबलं आणि लख्ख उजेड पडला. दोन खोल्यांत लेक, सून, नातवंडं. बायकोचं तोंड इतक्या जवळून बघून किती वर्षं झाली होती! घामानं तिचं कुंकू नाकावर ओघळलं होतं, आणि ती पदर तोंडाला लावून पोरीगत खिदळत होती.

"असं काय बघायलाय?"

"लई उजेड हाय की गं."

तेवढ्यात बाहेरून सिद्धराम ओरडला, "आये, लागला का दिवा?"


म्हाळसाबाईंनी हळूच बटण बंद केलं आणि आतूनच हाळी दिली, "न्हाय रं अजून! सांज व्हायला लई वेळ हाय, तू जेवून घे जा!"