किल्लीवाल्याची परीक्षा

"आधी सांगा, आत शिरलं की डाव्या हाताला काय आहे?"

किल्लीवाल्याने हत्यारांची पिशवी अजून खाली ठेवलीही नव्हती. बंद दारापुढे उभी असलेली बाई गोंधळली. "किल्ली हरवली म्हणून तुम्हाला बोलावलं, दादा. माझ्यावर विश्वास नाही का?"

"विश्वास ठेवून एकदा हात पोळलेत, ताई."

खोटं नव्हतं ते. मागे एका भामट्याच्या गोड बोलण्याला भुलून त्याने परक्याचं घर उघडून दिलं होतं. पुन्हा असं झालं तर दुकानाला टाळं, असं फौजदारांनी तेव्हा चारचौघांत बजावलं होतं. जन्मभर दुसऱ्यांची टाळी उघडणाऱ्याच्या दुकानाला टाळं! गल्लीची करमणूक झाली असती, पण घरची चूल विझली असती. तेव्हापासून घरातलं खोदून खोदून विचारल्याशिवाय तो कुलपाला हात लावत नसे. दार उघडल्यावरही उत्तरं पडताळून पाहिल्याशिवाय तिथून हलत नसे.

"डावीकडे चपलांचं कपाट," बाई म्हणाली. "त्याचं खालचं दार नीट लागत नाही."

"साखर?"

"ओट्यावरच्या फळीवर, निळ्या झाकणाच्या डब्यात. आणि सगळंच सांगते ना! सकाळी आधी स्वयंपाकघराची खिडकी उघडायची. ती अडते, खालून जरा उचलावी लागते. मग ओटा पुसायचा, फडकं धुऊन दांडीवर टाकायचं, चादरी झटकून ताणून घालायच्या..."

बोलता बोलता तिचा चेहरा खुलला, आणि किल्लीवाल्याला नेमकं तेच खटकलं. झाडलोटीचं सांगताना इतकं हरखणारं माणूस त्याच्या पाहण्यात नव्हतं. कुठून तरी पाठ करून आली असेल काय?

"कंटाळा नाही येत?" त्याने खोचून विचारलं.

"छे हो! रोजचं काम रोज त्याच क्रमाने केलं की हात आपसूक चालतात, डोक्याला ताप नाही. आणि पुसलेली फरशी वाळली की तिच्यावर अनवाणी चालून बघायचं. मला फार आवडतं ते."

त्याने कुलूप उघडलं आणि तिच्या मागोमाग तोही आत घुसला.

आत सगळा पसारा होता. सिंकमध्ये खरकटी भांडी, पलंगावर कपड्यांचा ढीग, ओट्यावर सांडलेला चहा. किल्लीवाल्याच्या मनात पाल चुकचुकली.

"ताई, तुम्ही सांगितलंत त्याच्याशी याचा काही मेळ बसत नाही."

"थोडे दिवस मी नव्हते, तर बघा काय दशा केलीय घराची!" ती कळवळून म्हणाली आणि तिने बाह्या सरसावल्या.

खिडकी खालून उचलून उघडली गेली. फडकं न शोधता हाती आलं. बघता बघता ओटा लख्ख झाला, कपड्यांच्या घड्या पडल्या, प्रत्येक वस्तू आपापल्या जागी गेली. साखर निळ्या झाकणाच्या डब्यात निघाली. बाई मजेत गुणगुणत होती. तिने किल्लीवाल्याला सोफ्यावर बसवून चहा दिला, स्वतः मात्र ओट्याशी उभ्यानेच प्यायली. त्याला आपल्या संशयाची लाज वाटली.

"आणखी एक करा, दादा. कुलूपच बदलून टाका. जुन्या किल्ल्या कोणाकोणाच्या हाती पडल्यात, कोण जाणे."

"शहाणपणाचं बोललात," म्हणत त्याने नवं कुलूप बसवलं आणि किल्ल्या तिच्या हातात ठेवल्या.

दुपारी जेवताना त्याने बायकोला सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. "घर ठेवावं तर असं! आणि माझ्या परीक्षेतून सुटेल अशी कोणा चोराची बिशाद आहे?"

"बरं, मीठ घ्या तेवढं," बायको म्हणाली.

तो उठला. एकामागून एक डबे उघडले, कशातच मीठ सापडेना.

"तुमचीच परीक्षा घेतली तर या घरातून तुम्हालाच हाकलतील," बायको हसत सुटली. हिला धंद्यातलं काय कळतंय, असं म्हणून तो अळणीच जेवला.

संध्याकाळी दुकानात एक बाई धापा टाकत आली. कपडे उंची, चेहरा घामाघूम, हातात किल्ली.

"माझ्या घराचं कुलूप उघडत नाहीये. किल्ली आत शिरतच नाही. जरा लवकर चला." तिने पत्ता सांगितला. तोच पत्ता!

जुनी किल्ली! सकाळच्या ताईंची शंका अगदी बरोबर निघाली. किल्लीवाल्याने चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. त्याचा मेहुणा शेजारीच सायकलींचं दुकान चालवत होता. किल्लीवाल्याने त्याला डोळ्यांनी खुणावलं, तसा मेहुणा फौजदारांकडे धावला.

"येतो की. आधी सांगा, तुमच्या घरात साखर कुठे असते?"

"साखर? असेल कुठल्यातरी डब्यात."

"कुठल्या?"

तिने चिडून घड्याळाकडे पाहिलं.

"बरं, स्वयंपाकघराची खिडकी कशी उघडते?"

"कशी म्हणजे? खिडकीसारखी!"

किल्लीवाल्याला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. फौजदार आता चारचौघांत पाठ थोपटणार होते. त्याने दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि तिच्या वाटेत आडवा उभा राहिला.

"स्वतःच्या घरात साखर कुठे ते माहीत नाही, आणि म्हणे माझं घर!"

"मला कसं माहीत असणार?" ती वैतागून ओरडली. "ते सगळं आमची कामवाली बघायची, आणि तिला मी गेल्या आठवड्यात काढून टाकलंय!"