शेजारची सीट

"इथे कुणी बसलेलंच नाही," मिस्त्री म्हणाला आणि ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवरून त्याने तळहात फिरवला.

तिनेही वाकून पाहिलं. ड्रायव्हरची सीट माणसाच्या आकाराची झाली होती. कडेची शिवण उसवून आतला पिवळा फोम डोकावत होता. शेजारची मात्र दुकानातून आत्ता आणल्यासारखी फुगीर. गाडी बारा वर्षांची. म्हणजे फाटकाशी हात मागे बांधून उभा असलेला तो म्हातारा मालक इतकी वर्षं एकटाच हिंडत होता. तिला त्याच्याकडे बघवेना.

ती रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती. माणूस समोर नसतानाही त्याच्याबद्दल बरंच काही कळतं, याची तिला सवय होती.

बाकी गाडी ठणठणीत निघाली. मिस्त्रीने ऑइल पाहिलं, धूर पाहिला, पेडलचं रबर किती झिजलंय ते मीटरच्या आकड्याशी ताडून पाहिलं. काल पाहिलेली दुसरी गाडी पेट्रोल कमी प्यायची, तिचा विमाही स्वस्तात होणार होता. पण चढावर तिचं इंजिन तापायचं.

"ही जरा खादाड आहे, ताई. दर महिन्याला खिशाला जाणवेल. पण वाटेत दगा देणार नाही. तुम्हाला काय परवडतं ते बघा."

"दगा नको," ती म्हणाली. इतक्या झटकन, की मिस्त्रीने मान वर करून पाहिलं.

मागच्या महिन्यात दिवेलागणीला तिची जुनी गाडी पुलावर बंद पडली होती. मागून येणारे भोंगे वाजवत होते. तिने मोबाइल काढला आणि नावं वरून खाली वाचली. मग खालून वर वाचली. प्रयोगशाळा, दातांचा डॉक्टर, प्लंबर, नंबर बदललाही असेल अशी एक मावसबहीण. शेवटी तिने मिस्त्रीला फोन लावला. गाडी बंद पडल्यावर मिस्त्रीलाच फोन करतात, त्यामुळे त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही.

आता तो सीटखाली टॉर्च मारून बघत होता. एकदम त्याने तिला खुणेने जवळ बोलावलं.

"सौदा करू नका अजून," तो हळूच म्हणाला. "सीटचे नट उघडलेले आहेत. हे पान्याचे ओरखडे बघा. विनाकारण कुणी सीट काढत नाही. गाडी जोरात ठोकलेली असेल, नाहीतर पाण्यात बुडालेली. बुडालेली असली तर आज पळेल, पण आतून वायरिंग कुजत राहील. मग भरवशाचं नावच नको."

ती फाटकाशी गेली. एखाद्याचा नमुना दुसऱ्याच्या नावावर गेला की जो आवाज ती लावायची, तोच तिने लावला. "काका, शेजारची सीट का काढली होती?"

म्हातारा ओशाळला. "कळलं होय? ही दुसरी बसवली तेव्हा वाटलं होतं, कुणाच्या लक्षात येणार नाही. चला, आत या. डोळ्यांनीच बघा."

पुढच्या खोलीत खिडकीशी एक लाकडी चौथरा होता. त्यावर गाडीची सीट घट्ट बसवलेली होती. कापड विरलेलं, मध्ये खोलगट झालेली, डोकं टेकायची जागा तेलाने काळी पडलेली. तीत एक स्थूल म्हातारी पाय स्टुलावर ठेवून मटार सोलत बसली होती.

"हिच्या पाठीचं ऑपरेशन झालं," म्हातारा म्हणाला. "त्यानंतर एकाही खुर्चीत धड बसवेना. डॉक्टरने सांगितलेली महागडी खुर्चीही आणून झाली. एक दिवस तपासणीहून घरी आलो, तर ही गाडीतून उतरेचना. म्हणे, इथेच बरं वाटतंय. दुपारभर तशीच अंगणात बसून राहिली. शेवटी मी सीटच घरात आणली."

"खुशाल विका म्हणावं गाडी," म्हातारी म्हणाली. "मी काही उतरत नाही."

"आणि तोंड? ते तरी कुठे थांबलंय? चहाचा कप घेऊन आलो तरी म्हणते, हळू, पुढे वळण आहे."

"असतंच की. त्या टेबलापाशी रोज सांडता."

मिस्त्री मोठ्याने हसला. तरी बाहेर जाऊन त्याने गाडीतलं कार्पेट उचललं, खाली बोटं फिरवली, वास घेतला. ना गंज, ना गाळ. खिडकीतून त्याने हात हलवून तिला होकार दिला. व्यवहार ठरला. म्हाताऱ्याने किल्ली तिच्या हातावर ठेवली.

"ए, ऐक गं," म्हातारीने तिला थांबवलं. "ती नवी सीट कडक आहे. तुझ्या शेजारी जो कुणी बसेल, त्याला सांगून ठेव. सुरुवातीला टोचेल. मग बसून बसून होते अंगासारखी."

"सांगते," ती म्हणाली.

ती बाहेर आली. रस्त्याच्या कडेला तिची स्वतःची गाडी उभी होती, या गाडीहूनही जुनी. मिस्त्रीने तिच्यासाठी एक गिऱ्हाईक बघून ठेवलं होतं आणि आता खांदा आणि कान यांच्यामध्ये मोबाइल धरून तो त्याच्याशीच बोलत होता. बोलता बोलता त्याने तिच्या गाडीचं शेजारचं दार उघडलं. सीटवरून तळहात फिरवला. खाली टॉर्च मारून नट पाहिले.

"एकहाती गाडी आहे, साहेब. शेजारची सीट तर नवीकोरी." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. मिस्त्रीने पुन्हा एकदा खात्रीने खाली वाकून पाहिलं.

"छे, बदललेली नाही. मूळचीच आहे."